आतागो : अग्निदक्षतेचा डोंगरमाथा

जपानमधील क्योटो शहराच्या जुन्या वस्तीत एखाद्या घरी जाण्याचा योग आला, तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर, शेगडीच्या जवळ, एक उभा पांढरा कागद चिकटवलेला पुष्कळदा दिसतो. त्यावर काळ्या शाईत चार ठळक चित्राक्षरे असतात. कागदाला कडेने तेलाचे डाग पडलेले असतात, वाफेने तो किंचित फुगलेला असतो. घर साधे असो की श्रीमंताचे, उपाहारगृहाची मुदपाकखाना असो की मिठाईवाल्याची भट्टी, हा कागद तेथे असतो. तो जुना झाला की बदलायचा, आणि बदलण्यासाठी बाजारात नव्हे, डोंगरावर जायचे, अशी रीत आहे.

त्या डोंगराचे नाव आतागो. क्योटो तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. ईशान्येला हिएई आणि वायव्येला आतागो, असे दोन मोठे डोंगर या शहराचे पाठीराखे मानले जातात. हिएई ८४८ मीटर उंच, तर आतागो ९२४ मीटर. या फरकाची एक लोककथाही आहे. दोघा डोंगरांचे एकदा भांडण झाले, हिएईने आतागोच्या डोक्यावर टोला हाणला, त्याला टेंगूळ आले आणि मार खाल्लेलाच उंच ठरला! शहरातून पाहिले तर आतागोच्या माथ्यावरचा तो उंचवटा खरोखरच टेंगळासारखा दिसतो. त्याच उंचवट्यावर आतागो देवस्थान आहे. आगीपासून रक्षण व्हावे म्हणून जपानभर ज्या देवतेची उपासना होते, तिचे हे मूळ पीठ. देशात आतागो नावाची सुमारे ९०० देवस्थाने असल्याचे सांगतात. टोकियोतील एका टेकडीवरचे आतागो देवस्थान १६०३ साली तोकुगावा इएयासू याने नव्या राजधानीला आगीपासून अभय मिळावे म्हणून स्थापन केले. या सर्वांची गंगोत्री मात्र क्योटोच्या या डोंगरावर.

आगीची एवढी धास्ती का, हे समजण्यासाठी क्योटोची घरे पाहावीत. अरुंद दर्शनी भाग आणि आत खोलवर गेलेली लांबट रचना. लाकडी खांब, लाकडी जाळ्या, कागदी सरकते दरवाजे, गवती चटयांची जमीन. एका घराची भिंत दुसऱ्याला जवळजवळ टेकलेली. अशा शहरात एका चुलीतली ठिणगी ही सगळ्या गल्लीची चिंता होते. ११७७ साली लागलेल्या आगीत राजधानीचा सुमारे तिसरा हिस्सा भस्मसात झाला. कामो नो चोमेई या संन्यस्त लेखकाने आपल्या ‘होजोकी’ या ग्रंथात त्या आगीचे वर्णन करून ठेवले आहे. १७८८ च्या आगीत राजवाडा आणि निजो किल्ल्याचे मुख्य भागही वाचले नाहीत. १८६४ साली राजवाड्याच्या वेशीवर झालेल्या लढाईतून पेटलेल्या आगीने २५ हजारांहून अधिक घरे गिळली. आज क्योटोत जुने वाटणारे घर दिसले, तरी ते बहुधा या शेवटच्या आगीनंतरचेच असते. ज्या शहराने आपले घर इतक्यांदा राखेतून पुन्हा उभारले, त्याने डोंगराकडे पाहून हात जोडले, तर नवल कसले?

यात्रेची सुरुवात सागा तोरीइमोतो या वस्तीपासून होते. ‘तोरीइमोतो’ म्हणजे तोरणद्वाराच्या पायथ्याशी. येथे आतागोचे पहिले लाल तोरणद्वार, म्हणजे ‘तोरीइ’, रस्त्यावर उभे आहे आणि त्याच्या शेजारी गवताने शाकारलेली जुनी विसाव्याची घरे आहेत. पूर्वी पायी येणारे यात्रेकरू येथे चहा घेत, वहाणांचे बंद आवळत आणि पुढे निघत. तांदळाच्या पिठाची, पीळ दिलेली एक मिठाई येथे आजही मिळते. तिचा पीळ म्हणजे डोंगरावरची वळणावळणाची वाट, असे गमतीने सांगितले जाते. या वस्तीचा चेहरामोहरा टिकावा म्हणून १९७९ पासून तिला संरक्षित दर्जा आहे. दर वर्षी १६ ऑगस्टच्या रात्री क्योटोभोवतीच्या डोंगरउतारांवर पूर्वजांच्या आत्म्यांना निरोप देण्यासाठी आगीच्या प्रचंड आकृत्या पेटवतात. त्यांतली तोरणद्वाराच्या आकाराची आकृती येथल्याच उतारावर पेटते. आगीला भिणारे हे शहर वर्षातून एका रात्री आपले डोंगरच दिव्यांसारखे उजळते. आगीशी असलेले हे दुहेरी नाते पुढे डोंगर चढताना पदोपदी आठवत राहते.

सागातून पुढे कियोताकीला जाण्यासाठी एक बोगदा लागतो. तो इतका अरुंद आहे, की एका वेळी एकाच बाजूची वाहने जाऊ शकतात आणि तोंडाशी सिग्नलची वाट पाहत थांबावे लागते. हा बोगदा मुळात मोटारींसाठी खोदलेला नाही. १९२९ साली आराशियामाहून कियोताकीपर्यंत रेल्वे आली आणि कियोताकीपासून डोंगरावर दोरखंडाने ओढली जाणारी केबल रेल्वे सुरू झाली. दोन किलोमीटरांहून लांब असा तो मार्ग त्या काळी मोठे नवल होता. वर हॉटेल उभे राहिले, मुलांसाठी खेळांची बाग झाली, बर्फावर घसरण्याची सोय झाली. मग महायुद्ध आले. १९४४ साली ही रेल्वे अनावश्यक ठरवून बंद करण्यात आली आणि तिचे लोखंड युद्धाच्या कामी गेले. ती पुन्हा सुरू झाली नाही. वरच्या स्थानकाची सिमेंटची इमारत झाडीत ओसाड उभी आहे. तिच्या खिडक्यांतून आता वेली आत शिरतात. केवळ पंधरा वर्षे आतागोला ‘सोपी वाट’ होती. त्याआधी शतकानुशतके आणि त्यानंतर आजतागायत, यात्रेकरूसाठी येथे पायांवाचून दुसरे वाहन नाही.

कियोताकी हे नदीकाठचे छोटेसे गाव. पूल ओलांडला की दुसरे तोरणद्वार लागते आणि चढण सुरू होते. तेथून देवस्थानापर्यंतचे अंतर सुमारे चार किलोमीटर. पण त्यात आठशे मीटरांहून अधिक चढ आहे. आरंभीच वाट दया दाखवत नाही. सरळ उभ्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना उंच देवदारासारखे सुगी वृक्ष, आणि त्यांच्या मुळांतून वर आलेले दगड. साधारण चालणाऱ्याला वर पोहोचायला दोन ते अडीच तास लागतात, लहान मूल किंवा वृद्ध बरोबर असेल तर त्याहून अधिक.

या वाटेवरचे सोबती दोन. पहिले म्हणजे जुने दगडी टप्पे आणि त्यांच्यालगतच्या, लाल गळपट्टा बांधलेल्या लहान लहान दगडी मूर्ती. त्या जिझोच्या आहेत. जिझो म्हणजे संस्कृत परंपरेतील क्षितिगर्भ बोधिसत्त्व. भारतातून चीनमार्गे जपानला पोहोचलेला हा करुणामूर्ती तेथे वाटसरूंचा आणि बालकांचा सांभाळ करणारा झाला. दुसरे सोबती म्हणजे स्थानिक स्वयंसेवक अग्निशमन पथकाने लावलेले फलक. शंभर शंभर मीटरांवर एक, असे चाळीस. प्रत्येकावर आपण कितव्या टप्प्यावर आहोत ते लिहिलेले असते. एकीकडे देवमूर्ती आणि दुसरीकडे अग्निशमन पथक, अशी ही वाट आहे. डोंगरावरच्या देवावर विसंबून गावाने बंब ठेवायचे सोडले, असे येथे झालेले नाही. श्रद्धा आणि दक्षता एकाच वाटेने वर चढतात.

दमछाक होत असताना वरून उतरणारे लोक भेटतात आणि प्रत्येक जण काही तरी म्हणतो. इतर डोंगरांवर नेहमीचा नमस्कार होतो. येथे मात्र जुन्या क्योटोच्या बोलीतले दोन शब्द ठरलेले आहेत. उतरणारा चढणाऱ्याला म्हणतो, ‘ओनोबोरि-यासु’, म्हणजे सुखाने चढा. चढणारा उतरणाऱ्याला म्हणतो, ‘ओकुदारि-यासु’, म्हणजे सुखाने उतरा. ओळखपाळख नसते, नाव विचारले जात नाही. पण शंभर अनोळखी माणसांनी ‘सुखाने चढा’ म्हटल्यावर पाय थोडे हलके होतात, हा अनुभव चढणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

अर्ध्याहून अधिक वाट सरल्यावर मिझुओ गावाकडे जाणारा फाटा लागतो. विसाव्यासाठी छप्पर आहे, झाडीच्या फटीतून खालचा प्रदेश दिसतो. मिझुओ हे डोंगराच्या कुशीतले गाव युझू नावाच्या सुगंधी लिंबासाठी प्रसिद्ध आहे. याच गावच्या स्त्रिया पूर्वी डोंगर चढून येत आणि वाटेवर ‘शिकिमी’च्या हिरव्या डहाळ्या विकत. ती विक्री जेथे होई, ती जागा आजही दाखवली जाते. शिकिमी हे मसाल्यातल्या चक्रीफुलाच्या कुळातले सदाहरित झाड. मात्र ते विषारी आहे, त्याचे फळ चक्रीफुलासारखे दिसले तरी खाण्याचे नव्हे. यात्रेकरू ही डहाळी घरी नेत, चुलीच्या वर ठेवत आणि रोज सकाळी चूल पेटवताना तिचे एक पान आगीत टाकत. रोज एक पान, एवढाच तो विधी. पण त्यामुळे दिवसाची पहिली ठिणगी पाडणारा हात क्षणभर थांबत असे. घरच्या बाईने पान टाकले म्हणजे तिने आगीकडे पाहिले, चुलीभोवती काय पडले आहे तेही पाहिले. विधीचे सार त्या थांबण्यात होते.

शिकिमीची ही डहाळी आणखी एक गुपित सांगते. जपानमध्ये शिंतो देवस्थानात ‘साकाकी’ या झाडाची डहाळी वाहतात. शिकिमी ही बौद्ध मंदिरातली. मग शिंतो देवस्थानाच्या वाटेवर शिकिमी कशी? याचे उत्तर थोडे पुढे गेल्यावर, काळ्या रंगाच्या एका जुन्या प्रवेशद्वारापाशी मिळते. हे ‘कुरोमोन’, म्हणजे काळे द्वार, मुळात हाकुउनजी या बौद्ध मठाचे. ‘हाकुउन’ म्हणजे शुभ्र मेघ. परंपरा सांगते, की आठव्या शतकाच्या अगदी आरंभी एन नो ग्योजा आणि ताइचो या तपस्व्यांनी हा डोंगर साधनेसाठी खुला केला आणि ७८१ मध्ये केइशुन नावाच्या भिक्षूने व वाके नो कियोमारो या अमात्याने येथे मठ उभारला. पुढे हजार वर्षांहून अधिक काळ येथे देव आणि बोधिसत्त्व एकत्र नांदले. डोंगराची देवता आणि जिझो ही एकाच तत्त्वाची दोन रूपे मानली जात. १८६८ मध्ये नव्या मेइजी शासनाने शिंतो आणि बौद्ध उपासना वेगळ्या करण्याचा आदेश दिला. हाकुउनजी मठ मोडला गेला. तेथील मुख्य जिझोमूर्ती क्योटोच्या पश्चिमेकडील कोन्झोजी या मंदिरात हलवली गेली. उरले ते हे द्वार, आणि लोकांच्या हातातली शिकिमी. आदेशाने मठ हलवता आला. रोज चुलीत पान टाकणाऱ्या हाताची सवय मात्र कोणाला हलवता आली नाही.

ज्या जिझोला येथून जावे लागले, तो साधासुधा नव्हता. त्याला ‘शोगुन जिझो’ म्हणत. चिलखत घातलेला, घोड्यावर बसलेला, युद्धात विजय देणारा असे त्याचे रूप. करुणेच्या मूर्तीला चिलखत चढवण्याचे काम माणसाने केले, आणि मग योद्धे या डोंगरावर येऊ लागले. १५८२ च्या उन्हाळ्यात आकेची मित्सुहिदे हा सेनापती आतागोवर आला. त्याने देवापुढे कौल लावला, एकदा नव्हे, दोन-तीनदा, असे जुन्या वृत्तान्तात नोंदले आहे. डोंगरावरच त्याने कवींसह साखळी-काव्याची बैठक भरवली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत त्याने आपला स्वामी ओदा नोबुनागा मुक्कामाला असलेल्या क्योटोतील होन्नोजी मंदिराला वेढा घातला. नोबुनागाचा अंत पेटलेल्या त्या मंदिरात झाला. आणि मित्सुहिदे? तोही दोन आठवड्यांच्या आत लढाईत हरून मारला गेला. जेथे सामान्य माणूस घर जळू नये म्हणून येई, तेथूनच एक मनुष्य मनात आग घेऊन खाली उतरला. त्याच्या डोंगरावरून जाण्याने डोंगराचे काही बिघडले नाही. त्याच्या मनाला मात्र डोंगराचा थंडावा लागला नाही.

काळ्या द्वारानंतर वाट थोडी सपाट होते. दोन्ही बाजूंना दगडी दीपस्तंभांच्या रांगा, हिवाळ्यात त्यांच्या डोक्यावर बर्फाच्या टोप्या. हवा शहरापेक्षा बरीच गार. पुढे शेवटचा दगडी पायऱ्यांचा मोठा टप्पा येतो. येथे बहुतेकांचे बोलणे बंद होते. पायऱ्यांच्या शेवटी दाट सावलीत देवस्थान उभे आहे. त्यात झगमगाट नाही. जुने, काळवंडलेले लाकूड, त्यावर बारीक कोरीवकाम, आणि देवतेचे वाहन-दूत मानल्या गेलेल्या रानडुकराच्या आकृती. घंटेचा दोर, दानपेटी, दोनदा वाकून दोनदा टाळी वाजवणारे भाविक. कोणी घामाने भिजलेला टॉवेल मानेवर तसाच ठेवून डोळे मिटलेले असतो.

येथे कोणाकोणाची स्थापना आहे, हे पाहू लागले म्हणजे या स्थानाचा खरा अर्थ उलगडू लागतो. ७१२ साली सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’ आणि ७२० च्या ‘निहोन शोकी’ या प्राचीन ग्रंथांत सृष्टीच्या आरंभीची कथा आहे. इझानागी आणि इझानामी या आदिदांपत्याने भूमी, पर्वत, वृक्ष, वारा यांना जन्म दिला. शेवटी इझानामीच्या उदरी अग्नी जन्माला आला. त्याचे नाव कागुत्सुची. जन्म घेतानाच त्याने आईला भाजले आणि त्या दाहाने ती मरण पावली. शोकाने वेडा झालेल्या पित्याने तलवार उपसून त्या बालकाला ठार केले. आगीची ही कथा म्हणजे जपानी परंपरेतील पहिल्या मृत्यूची, पहिल्या शोकाची आणि पहिल्या क्रोधाची कथा आहे.

आता आतागोच्या माथ्यावर पाहावे. मुख्य गाभाऱ्यात इझानामी आहे, भाजून मेलेली आई. आणि त्याच प्रांगणातील ‘वाकामिया’ नावाच्या उपमंदिरात कागुत्सुची आहे, तिला भाजणारा पुत्र. भाविक आधी आईला नमस्कार करतो आणि मग मुलाला. अग्नीला येथे राक्षस ठरवून हाकललेले नाही. आईच्या जवळ, तिच्या नजरेच्या टप्प्यात ठेवलेले आहे.

या कथेची एक पुढची कडी ९२७ साली संकलित झालेल्या ‘एंगिशिकी’ या ग्रंथातील अग्निशमनाच्या प्रार्थनेत आढळते. मृत्युलोकाच्या वाटेवर निघालेल्या इझानामीला आठवते, की आपण एक अवखळ, दुष्ट मनाचे मूल वरच्या जगात सोडून आलो आहोत. ती माघारी येते आणि आणखी चार गोष्टींना जन्म देते : जलदेवता, भोपळा, नदीतली पाणवनस्पती आणि मातीची देवी हानियामा-हिमे. ती शिकवून जाते, की हे मूल अनावर झाले तर भोपळ्यात पाणी भरून, ओली वनस्पती आणि माती वापरून त्याला शांत करा. जिला आगीने मारले, त्या आईने सूड घेतला नाही. शापही दिला नाही. जाता जाता तिने मागे राहणाऱ्यांच्या हाती आग विझवण्याची साधने दिली. पाणी, पाणी वाहून नेण्याचे भांडे, ओला पाला आणि माती, हीच चार साधने आजही कुठल्याही खेड्यात आग लागली तर हाताशी येतात.

मातीची ही हानियामा-हिमेदेखील आतागोच्या मुख्य गाभाऱ्यात आहे. तिच्या शेजारी वाकुमुसुबी. ‘निहोन शोकी’तील एका पाठानुसार ती अग्नी आणि माती यांचे अपत्य, तिच्या मस्तकावर तुती आणि रेशीमकिडे उपजले, नाभीतून पाच धान्ये. ज्या अग्नीने आईला मारले, तोच मातीशी जोडला गेला तेव्हा अन्न झाला. शेतातला पालापाचोळा जाळून त्या राखेत बी पेरणाऱ्या शेतकऱ्याला आणि चुलीवर भात शिजवणाऱ्या गृहिणीला हे सांगायला पुराणाची गरज नाही. पण पुराणाने ते विसरू दिले नाही.

म्हणूनच देवस्थानाच्या खिडकीवर मिळणाऱ्या त्या कागदावरची चार अक्षरे नीट वाचण्यासारखी आहेत. त्यांचा उच्चार ‘ही नो योजिन’, म्हणजे ‘आग सांभाळा’. थंडीच्या रात्री लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर वाजवत गल्लीतून फिरणारे पहारेकरी हीच हाक देत आले आहेत. नेहमीच्या लेखनात ‘योजिन’ या शब्दासाठी ‘मन लावणे’ अशा अर्थाची अक्षरे वापरतात. आतागोच्या कागदावर मात्र वेगळी अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ होतो ‘संयम आवश्यक’. उच्चार तोच, पण आशय एक पायरी वर गेलेला. या कागदावर ‘देव तुझे रक्षण करो’ असे आश्वासन नाही. घर जळणार नाही, अशी हमी नाही. दोन-अडीच तास डोंगर चढून माणूस रक्षण मागायला येतो आणि त्याच्या हाती एक सूचना ठेवली जाते. तीही त्याच्याच नावे.

यावर एखादा शंकेखोर विचारील, की देव डोंगरावर असताना शहर इतक्यांदा जळले कसे? क्योटोच्या लोकांनाही हा प्रश्न पडला असेलच. ११७७ च्या महाआगीला त्यांनी ‘तारोची आग’ असे नाव दिले, आणि तारो हे आतागोवर राहणाऱ्या, लांब नाकाच्या, पंखवाल्या ‘तेंगू’ नामक वनदैत्याचे नाव! म्हणजे ज्या डोंगराकडे रक्षण मागायचे, आग लावणाराही तेथलाच. पण या अनुभवातून लोकांनी श्रद्धा टाकली नाही, तिचा अर्थ बदलून घेतला. गल्लोगल्ली ‘आतागो-को’ नावाची मंडळे झाली. दर वर्षी गल्लीतून काही जण सर्वांच्या वतीने डोंगर चढत आणि घरटी एक याप्रमाणे कागद घेऊन येत. ज्याच्या घरात कागद लागला, त्याने आपल्यासाठी आणि शेजाऱ्यासाठी आग सांभाळण्याचे जणू वचन दिले. आजही क्योटोच्या जुन्या गल्ल्यांत घरांच्या दारासमोर पाण्याने भरलेल्या लाल बादल्या ठेवलेल्या दिसतात. आत भिंतीवर कागद, बाहेर दारात बादली, अशी ती जोडी आहे.

या देवस्थानाचा सर्वांत मोठा उत्सव ३१ जुलैच्या रात्रीपासून १ ऑगस्टच्या पहाटेपर्यंत चालतो. त्याला ‘सेन्निची माइरी’, म्हणजे सहस्रदिन-यात्रा म्हणतात. या एका रात्री केलेल्या दर्शनाने हजार दिवसांच्या दर्शनाचे पुण्य लाभते, अशी भावना आहे. एरवी अंधारात बुडणारी वाट त्या रात्री दिव्यांनी उजळते आणि हजारो माणसे चढत-उतरत असतात. रात्री नऊला सायंपूजा, मध्यरात्रीनंतर दोनला प्रातःपूजा आणि अग्निशमनाचा विधी. ‘सुखाने चढा’, ‘सुखाने उतरा’ यांचा घोष रात्रभर थांबत नाही.

आणि या गर्दीत सर्वांत लक्ष वेधून घेतात, ती पाठीवरची मुले. तिसरे वर्ष पूर्ण होण्यापूर्वी मुलाला आतागोवर नेले, तर जन्मभर त्याला आगीची बाधा होत नाही, असा समज आहे. म्हणून तरुण आईबाप तान्ह्यांना पाठीशी बांधून निघतात. अर्ध्या वाटेवर बापाच्या खांद्यावरून मूल आईकडे जाते, आईकडून आजोबांकडे. वर पोहोचेपर्यंत मूल बहुधा झोपलेले असते. त्याला या यात्रेतले काहीही आठवणार नाही. आठवणार आहे ते आईबापांना. ज्यांनी बारा-तेरा किलोचा जीव आठशे मीटर उंच वाहून नेला, ते घरी परतल्यावर उकळते भांडे ओट्याच्या कडेला ठेवतील काय? काडेपेटी मुलाच्या हाताशी राहू देतील काय? मुलाचे रक्षण होते ते बहुधा असे. त्याच्या अंगावर कवच चढत नाही. त्याला वाढवणाऱ्या हातांना सवय लागते.

डोंगरावर जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी व्यवहाराची माहिती. आराशियामाहून कियोताकीपर्यंत बस जाते. वाटेत दुकाने नाहीत, म्हणून पुरेसे पाणी आणि फराळ बरोबर घ्यावा. पकड असलेली पादत्राणे हवीत. हिवाळ्यात वरच्या पायऱ्यांवर बर्फ गोठतो. चढण्यापेक्षा उतरणे गुडघ्यांना जड जाते, तेव्हा काठी उपयोगी पडते. संध्याकाळ होण्यापूर्वी खाली पोहोचता येईल अशा बेताने सकाळीच निघावे. खाली सागा भागात ताजे टोफू प्रसिद्ध आहे. मात्र शाकाहारी प्रवाशाने रश्शात मासळीचा अर्क नाही ना, हे आधी विचारून घ्यावे.

उतरताना भूमिका बदलतात. सकाळी ज्यांनी ‘सुखाने चढा’ म्हणून धीर दिला, त्यांच्या जागी आता आपण असतो आणि खालून धापा टाकत येणाऱ्याला तोच शब्द देण्याची पाळी आपली असते. पाठपिशवीत, घडी पडू नये म्हणून वहीत जपून ठेवलेला तो कागद असतो. रात्री घरी पोहोचल्यावर जुना कागद उतरवला जातो आणि त्याच जागी नवा लागतो. मग कोणी तरी शेगडी पेटवून भाताचे भांडे वर ठेवतो. निळी ज्योत पसरते. शेवटी झोपायला जाण्यापूर्वी घरातले एक माणूस पुन्हा स्वयंपाकघरात येते, दिवा लावते, शेगडीची कळ नीट बंद आहे का ते हाताने चाचपून पाहते, आणि मगच दिवा मालवते.